नव्या लॅपटॉपची डिस्क: जागा किती, पार्टिशन किती आणि हात कुठे लावायचा

नवा लॅपटॉप घरी आला की दोन प्रश्न हमखास पडतात. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलंय, मग स्क्रीनवर ४७६ च कसे दिसतात? आणि सगळी जागा एकट्या सी ड्राइव्हमध्येच कशी, डी आणि ई कुठे गेले? कोल्हापुरात इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, बीसीएसचे प्रवेश सुरू झाले की राजारामपुरी-शाहूपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी होते, आणि त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या पोरांचे हेच फोन मला येऊ लागतात. दरवेळी तेच सांगायचं, तर एकदा नीट लिहून ठेवतो.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे घाईत असाल तर एवढं तरी लक्षात राहील: सी ड्राइव्ह मोठा ठेवा. पार्टिशन (एकाच डिस्कचे वेगळे भाग पाडणं) करायचंच असेल तर लॅपटॉप रिकामा असतानाच करा. आणि पार्टिशन केलं म्हणजे बॅकअप झाला, असं कधीही समजू नका.

हे सगळं विंडोज ११ च्या लॅपटॉपसाठी आहे. मेनूमधली नावं तुमच्याकडे थोडी इकडेतिकडे असू शकतात, पण क्रम हाच राहतो.

हाताशी काय हवं

- लॅपटॉपचं जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर छापलेला असावा
- स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं मायक्रोसॉफ्ट खातं
- ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यातलं सगळं पुसलं गेलं तरी चालेल असा
- एक्स्टर्नल हार्ड डिस्क, लॅपटॉपच्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी
- वही आणि पेन
- चार्जर. डिस्कचं काम चालू असताना लाइट गेली तर बॅटरी पुरेशी भरलेली हवी

## १. आत कोणती डिस्क आहे ते आधी बघा

दुकानात लॅपटॉप सुरू करून दाखवतात, तेव्हाच हे करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि डिस्क झिरोवर क्लिक करा. तिथे एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं, डिस्कचं मॉडेल दिसतं आणि क्षमताही दिसते. बिलावर लिहिलेलं आणि इथे दिसणारं जुळतंय का, एवढंच बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

एचडीडी म्हणजे आत तबकडी फिरते ती जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर. त्यामुळे ती कितीतरी पटीने वेगवान असते, आणि धक्का लागला तरी तबकडी खरवडली जाण्याची भीती नसते. सध्याच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई या जास्त वेगवान जातीची एसएसडी असते.

स्वस्तातल्या काही लॅपटॉपवर ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी, म्हणजे चिपवरचीच पण हळू साठवण, असते. ही मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली असते, पुढे काढून मोठी घालता येत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान जागाच ६४ जीबी आहे. म्हणजे ६४ जीबीचा लॅपटॉप घेतला तर मोठ्या अपडेटच्या वेळी जागेसाठी झगडणं आलंच. कॉलेजच्या कामासाठी असा लॅपटॉप घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. त्यापेक्षा थोडं थांबून २५६ किंवा ५१२ ची एसएसडी असलेला घ्या.

आणखी एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा: आत एम-डॉट-टू चा (एसएसडी बसवायच्या खाचेचा) दुसरा स्लॉट रिकामा आहे का? असेल तर दोन-तीन वर्षांनी जागा कमी पडली की दुसरी एसएसडी बसवता येते, आणि पार्टिशनची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

## २. ५१२ चे ४७६ होतात कसे

जागा कुणी चोरलेली नसते. मोजायची पद्धत दोघांची वेगळी आहे.

डिस्क बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज एक जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट धरतं. ५१२ जीबीच्या डिस्कवर ५१,२०० कोटी बाइट असतात. त्याला विंडोजच्या हिशेबाने भागलं की ४७६ आणि वर थोडं येतं. याच हिशेबाने २५६ ची डिस्क २३८ दिसते आणि १ टीबीची डिस्क ९३१. ॲपलने २००९ पासून मॅकवर कंपनीवालीच पद्धत धरली आहे, म्हणून तीच एक्स्टर्नल डिस्क मॅकला लावली तर पूर्ण १ टीबी दिसते आणि विंडोजला लावली तर ९३१.

हे दुकानातच माहीत असलं की काउंटरवर वाद होत नाही. पण ५१२ म्हणून विकलेल्या लॅपटॉपवर २३८ दिसत असेल, तर तो हिशेबाचा फरक नाही. मग विचारायलाच पाहिजे. कधीकधी उरलेली जागा डी म्हणून वेगळी काढलेली असते किंवा कुणी वापरात न घेता तशीच सोडलेली असते. ते पुढच्या पायरीत दिसेल.

४७६ पैकीही सगळी जागा तुमच्या वाट्याला येत नाही. विंडोज, कंपनीने आधीच भरलेली सॉफ्टवेअर आणि अपडेटसाठी राखून ठेवलेली जागा मिळून पहिल्याच दिवशी पन्नासएक जीबी गेलेले दिसतात. हे नेहमीचंच आहे.

## ३. डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि नुसतं बघा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा. यादीत डिस्क मॅनेजमेंट दिसेल. ते उघडलं की खालच्या अर्ध्या भागात डिस्क झिरो नावाची आडवी पट्टी दिसते आणि तिच्यात चौकोन असतात. या पायरीत कशालाच हात लावायचा नाही, फक्त ओळख करून घ्यायची.

डावीकडे १०० ते २६० एमबीचा एक लहान चौकोन असतो, ते ईएफआय सिस्टिम पार्टिशन. लॅपटॉप सुरू होताना विंडोज कुठून उचलायचं, ते यात असतं. हे उडालं की लॅपटॉप सुरूच होत नाही. मधला मोठा चौकोन सी. उजवीकडे काहीशे एमबीपासून एखाद-दोन जीबीपर्यंतचं रिकव्हरी पार्टिशन असतं. काही कंपन्या स्वतःचं आणखी एक रिकव्हरी पार्टिशन ठेवतात, ते बरंच मोठं असू शकतं.

या छोट्या पार्टिशनना अक्षर दिलेलं नसतं, म्हणून ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाहीत. 'ही फुकट अडकलेली जागा आहे, काढून टाकू' असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांचं ऐकू नका. त्यातून मिळणार एक-दोन जीबी, आणि विंडोज बिघडलं की दुरुस्तीची सोय नाही. रिकव्हरी पार्टिशनला पुरेशी जागा नसली तरी घोटाळा होतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट अनेकांच्या मशीनवर अडकलं, ते याच कारणाने.

(अक्षरं सी पासूनच का सुरू होतात, असं पोरं विचारतात. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपी ड्राइव्हसाठी होती. फ्लॉपी गेली, अक्षरं मात्र तशीच मोकळी राहिली.)

या पडद्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. पुढे काही बिघडलं तर मूळ रचना कशी होती हे सांगायला तो फार उपयोगी पडतो.

## ४. बिटलॉकरची की आधी लिहून घ्या

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

मायक्रोसॉफ्ट खात्याने नवा लॅपटॉप सुरू केला की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते, या कुलपाचं नाव बिटलॉकर. २०२४ च्या विंडोज ११ अपडेटनंतर तर हे आणखी सर्रास झालं आहे. चोराच्या हाती लॅपटॉप गेला तरी डेटा वाचता येऊ नये, यासाठीची ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. मात्र बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काही बदललं, मदरबोर्ड बदलला, लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) टाकायला गेलात, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा गेला. सर्व्हिस सेंटरही काही करू शकत नाही.

सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जा, डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. डिस्क मॅनेजमेंटमध्येही सी च्या चौकोनात 'बिटलॉकर एन्क्रिप्टेड' असं लिहिलेलं दिसतं. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप निवडा, तिथे की मिळेल. वहीत लिहा. शक्य असेल तर प्रिंट काढून बिलासोबत ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवली तर तिचा काही उपयोग नाही.

आता सापळा. दुकानात लॅपटॉप 'सेटअप' करून देतात, तेव्हा घाईत कधीकधी दुकानाच्याच ईमेलने खातं सुरू केलं जातं. मग तुमच्या डिस्कची की दुकानाच्या खात्यात जाऊन बसते. दोन वर्षांनी गरज पडेल तेव्हा ते खातं कुणाचं, पासवर्ड काय, कुणालाच आठवत नाही. म्हणून दुकानदार कितीही आग्रहाने म्हणाला, "द्या की, पाच मिनिटांत करून देतो", तरी खातं स्वतःच्याच ईमेलने आणि नंबरने उघडा. आधीच दुसऱ्याच्या खात्याने सुरू झालं असेल, तर लॅपटॉप रिकामा आहे तोवर रिसेट करून पुन्हा आपल्या खात्याने सुरू करा.

## ५. पार्टिशन करायचं की नाही, ते ठरवा

आपल्याकडे एक जुना रिवाज अजून चालू आहे: सी ला १०० जीबी द्यायचे, उरलेल्याचे डी आणि ई करायचे. विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात त्याला अर्थ होता. तेव्हा व्हायरस यायचे, मशीन जड व्हायचं, दर सहा-आठ महिन्यांनी सी फॉरमॅट मारायची वेळ यायची, आणि फोटो, गाणी डी मध्ये असली की वाचायची. विंडोजही तेव्हा आजच्यापेक्षा खूप लहान होतं.

आज तोच रिवाज पोरांना अडचणीत आणतो. माझ्या भाचीचा लॅपटॉप दुकानातून आला तो न विचारताच तीन तुकडे करून, सी ला १०० जीबी. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत सी ची पट्टी लाल, आणि डी, ई मध्ये मिळून पावणेचारशे जीबी नुसते पडून. कारण सोपं आहे. बहुतेक सॉफ्टवेअर सी मध्येच बसतात, आणि डी मध्ये बसवली तरी त्यांच्या आतल्या फाइल्स, कॅश (तात्पुरता साठा), सेटिंग्ज सी मधल्या तुमच्या युजर फोल्डरमध्येच साठतात. अँड्रॉइड स्टुडिओचे एम्युलेटर, व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ, ब्राउझरचे डाउनलोड, सगळा ओघ सी कडेच असतो. मेकॅनिकलच्या पोरांनी ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स टाकलं की १०० जीबी बघता बघता संपतात.

पार्टिशनबद्दल तीन समज पक्के बसलेत, तिन्ही चुकीचे आहेत.

पार्टिशन केलं की लॅपटॉप पळतो: एसएसडीवर काहीही फरक पडत नाही, चिप तीच, वेग तोच.

व्हायरस आला तरी डी सुरक्षित राहतो: खंडणी मागणारे रॅन्समवेअर लॅपटॉपला जोडलेला दिसेल तो प्रत्येक ड्राइव्ह कुलूपबंद करतं.

डिस्क बिघडली तर डी वाचतो: डिस्क एकच आहे. एका एकरात बांध घातला म्हणून रान वाढत नाही, आणि पूर आला की बांधाच्या दोन्ही बाजूंचा ऊस पाण्यात जातो.

मग डी हवा तरी कुणाला? विंडोज पूर्ण नव्याने टाकायची वेळ येईल अशी शक्यता असेल, तर कामाच्या फाइल्स वेगळ्या असलेल्या बऱ्या. लक्ष्मीपुरीतल्या आडत दुकानात किंवा गुजरीत सराफाकडे टॅली चालत असेल, तर टॅलीचा डेटा नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये सी वरच बसलेला असतो. तो डी मध्ये वेगळ्या फोल्डरला हलवला की बॅकअप घेणाऱ्या मुनिमाला फोल्डर सापडतो, सी धुंडाळावा लागत नाही. लग्नाचे शूट करणाऱ्यांना चालू कामं एका जागी ठेवायला बरं पडतं. आणि लिनक्स शिकायचं असेल तर त्याला वेगळी जागा लागतेच.

यापैकी काही नसेल, तर एकच सी ठेवा आणि आत फोल्डर नीट करा. त्यात कमीपणा काही नाही.

माझा हिशेब असा असतो. २५६ जीबीच्या डिस्कचे तुकडे करूच नयेत. ५१२ मध्ये सी किमान २५० ते ३०० जीबी, उरलेला डी. १ टीबीमध्ये सी ४०० च्या पुढे. ई ची गरज मला आजवर कुणाच्याच घरच्या लॅपटॉपवर वाटलेली नाही. कुठल्याही ड्राइव्हमध्ये पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहील असं बघा. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो.

## ६. सी मधून डी काढणे

ठरलं असेल तर हे लॅपटॉप आणल्या आणल्या करा. फाइल्स भरल्यावर हेच काम जोखमीचं होतं.

चार्जर लावा. विंडोज अपडेट चालू असेल तर पूर्ण होऊ द्या आणि एकदा रिस्टार्ट करा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी च्या चौकोनावर राइट क्लिक करा, श्रिंक व्हॉल्यूम निवडा. थोडा वेळ हिशेब करून ते एक छोटी खिडकी उघडतं, त्यात चार ओळी असतात. पहिली ओळ सी ची आताची जागा. दुसरी, जास्तीत जास्त किती काढता येईल. तिसऱ्या ओळीत आकडा तुम्ही टाकायचा. चौथी, काढल्यावर सी मध्ये किती उरेल.

नवखे लोक तिसऱ्या ओळीत चुकतात. तिथे सी किती मोठा हवा ते लिहायचं नसतं, सी मधून किती काढायचं ते लिहायचं असतं. आणि आकडा एमबीमध्ये हवा. २०० जीबीचा डी हवा असेल तर २०० गुणिले १०२४, म्हणजे २०४८०० लिहा. १५० साठी १५३६००. लिहिल्यावर चौथ्या ओळीतला आकडा वाचा. ५१२ च्या डिस्कमधून २०० जीबी काढत असाल आणि सी मध्ये उरणारी जागा दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण २७५ जीबी दिसली, तर बरोबर आहे. चौथ्या ओळीकडे बघितल्याशिवाय श्रिंकचं बटण दाबू नका.

काम झालं की सी च्या उजवीकडे काळ्या पट्टीचा चौकोन येतो, त्यावर अनअलोकेटेड लिहिलेलं असतं. त्यावर राइट क्लिक करा, न्यू सिंपल व्हॉल्यूम निवडा. पुढे नेक्स्ट करत जा: जागा आहे तेवढी सगळी, अक्षर डी, फाइल सिस्टिम एनटीएफएस, अलोकेशन युनिट डिफॉल्ट, क्विक फॉरमॅटला टिक. व्हॉल्यूम लेबलमध्ये नाव द्या, 'काम' किंवा 'अभ्यास', मराठीतही चालतं. फिनिश केलं की डी तयार.

अडचण एक येते. सी मध्ये ३५० जीबी मोकळे असूनही दुसऱ्या ओळीत शंभरच काढता येतील असं दाखवतं. मधे काही फाइल्स अशा असतात ज्या विंडोज चालू असताना हलत नाहीत: पेजिंगची फाइल (रॅम कमी पडली की वापरायची), हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप झोपवताना चालू काम साठवणारी) आणि सिस्टिम रिस्टोरचा साठा. स्टार्टमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज शोधा. तिथल्या सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये सी साठीचं संरक्षण बंद करा. परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथून व्हर्च्युअल मेमरी, आणि नो पेजिंग फाइल निवडा. रिस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करून बघा. झालं की दोन्ही सेटिंग परत चालू करा. हे परत चालू करायचं राहून गेलं तर मोठं सॉफ्टवेअर उघडताना मेमरी अपुरी असल्याचे मेसेज येऊ लागतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

या कामासाठी बाहेरचं फुकट पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवायची गरज नाही. विंडोजमधलं पुरेसं आहे. शोधताना वरच दिसणाऱ्या जाहिरातींच्या लिंकवर तर मुळीच जाऊ नका.

आणि डिस्क मॅनेजमेंटने कधीही विचारलं की डिस्क डायनॅमिक करू का, तर नो म्हणा. त्याने पुढे दुसरं विंडोज किंवा लिनक्स टाकताना अडतं, आणि मागे फिरायचं तर सगळं पुसावं लागतं.

डी नकोसा झाला तर? त्यातल्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करा, उघडून खात्री करा, मग डी वर डिलीट व्हॉल्यूम. त्यानंतर सी वर राइट क्लिक करून एक्सटेंड व्हॉल्यूम. हे बटण फिकट दिसत असेल तर सी च्या अगदी लगेच उजवीकडे रिकामी जागा नाही असा त्याचा अर्थ. मधे एखादं पार्टिशन आडवं असेल तर विंडोजला त्यावरून उडी मारता येत नाही. ध्यानात ठेवा, एसएसडीवरचं पार्टिशन डिलीट केलं की डेटा परत मिळवणं फार अवघड असतं. मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते. जुन्या हार्ड डिस्कवर सॉफ्टवेअर लावून फोटो परत मिळायचे, तो भरवसा इथे धरू नका.

## ७. डॉक्युमेंट्स डी मध्ये नेताना

डी केला म्हणून फाइल्स आपोआप तिकडे जात नाहीत. आधी डी मध्ये रिकामे फोल्डर करा, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स अशा नावांचे. मग फाइल एक्सप्लोररमध्ये मूळ डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डी मधला तो फोल्डर निवडा. फोल्डर न करता थेट डी च निवडला तर अख्खा डी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स म्हणून दिसू लागतो आणि ते सोडवणं कटकटीचं आहे.

त्याआधी वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीकडे, बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हला जोडलेले असतात आणि तिथे फुकट जागा फक्त ५ जीबी. ती भरली की मेसेज सुरू होतात, आणि घाबरून वनड्राइव्हमधून फाइल काढली की लॅपटॉपवरूनही जाते. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये फोल्डर बॅकअप बंद करा, फाइल्स जागेवर आहेत का बघा, मग लोकेशन बदला.

फोल्डरचं नाव ड्राइव्हच्या लेबलसारखं मराठीत ठेवायचा मोह होतो. साध्या कामाला ते चालतं, पण इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरमधली फाइल उघडत नाहीत. प्रोजेक्टचे फोल्डर इंग्रजी अक्षरांत आणि नावात मोकळी जागा न सोडता ठेवा.

## ८. सी भरतच असेल तर

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. कशाने किती जागा खाल्ली ते इथे ओळीने दिसतं. टेंपररी फाइल्स साफ करा, पण त्या यादीत डाउनलोड्ससमोर टिक असेल तर आधी काढा, नाहीतर उतरवलेली मार्कलिस्ट आणि फॉर्मही जातील. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज दहा दिवस तसंच ठेवलेलं असतं, ते नंतर आपोआप जातं. हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा घेते, म्हणजे १६ जीबी रॅमवर सहाएक जीबी. सी मोठा असेल तर तिच्या मागे लागू नका.

विंडोजच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइल्स डिलीट करायच्या नाहीत. कितीही जागा अडलेली दिसली तरी.

## ९. बॅकअप, आणि तोही घराबाहेर

स्टार्टमध्ये रिकव्हरी ड्राइव्ह शोधा, तो ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावा आणि बनवून ठेवा. विंडोज सुरूच झालं नाही तर यावरून लॅपटॉप उठवता येतो. तुमचे फोटो आणि फाइल्स मात्र यात नसतात.

फाइल्ससाठी नियम असा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी एक्स्टर्नल डिस्कवर, महत्त्वाच्या तेवढ्या गुगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी फुकट मिळतात. कंट्रोल पॅनेलमधलं फाइल हिस्टरी चालू केलं तर एक्स्टर्नल डिस्क जोडलेली असताना प्रती आपोआप घेतल्या जातात. काम झालं की डिस्क काढून ठेवा, कायम जोडलेली ठेवू नका.

'घराबाहेर' हा भाग कोल्हापूरकरांनी तरी हसण्यावारी नेऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्ककडच्या अनेक घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं. लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात, एकाच खालच्या खणात असेल तर दोन्ही एकदमच जातात. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की ताज्या फाइल्स घेऊन ती डिस्क उंचावरच्या पाहुण्यांकडे पाठवा. टॅली, स्टुडिओ, शाळेची कामं सांभाळणाऱ्यांनी तर नक्कीच.

लग्नाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसतील आणि 'फाइल फार मोठी आहे' असं येत असेल, तर पेनड्राइव्ह फॅट-३२ या फाइल साठवायच्या जुन्या पद्धतीत आहे. त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

## १०. पुढे दुसरी डिस्क बसवली तर

नवी एसएसडी बसवून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की इनिशियलाइझ डिस्क अशी खिडकी येते. कोरी डिस्क असेल तर जीपीटी, म्हणजे पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत, निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत आहे, तिला २ टीबीची आणि चार मुख्य पार्टिशनची मर्यादा आहे. मग अनअलोकेटेड जागेवर सहाव्या पायरीसारखंच न्यू सिंपल व्हॉल्यूम करा.

पण जुन्या लॅपटॉपमधून काढलेली, फोटो असलेली डिस्क जोडल्यावर इनिशियलाइझ विचारलं, किंवा 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं आलं, तर कॅन्सल करा. त्या डिस्कवर काहीतरी बिघडलंय, आणि हो म्हटलं की आतलं परत मिळवणं अवघड होऊन बसतं. केबल आणि पोर्ट बदलून बघा, दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा. तरीही तेच येत असेल तर तिच्यावर काहीही न लिहिता काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. तिथे जाण्याआधी फॉरमॅट केलेली नाही, हे त्याला पहिल्यांदा सांगा.